तीन तारांचें यंत्र आणि दोन तारांचें घर

गेल्या माघांत आमच्या सांगलीच्या घरीं एक अवजड पाहुणा आला. तो येणार हें कळल्यापासून घरांत दोन तट पडले. त्याला जागा कोठें द्यावयाची, त्याचा आवाज शेजाऱ्यांस सोसेल काय, विजेचें बिल किती वाढेल, यावर चार दिवस जेवतांना वादविवाद झाला. शेवटीं टेम्पोंतून उतरवून, सहा माणसांनीं लोखंडी नळ्यांवरून ढकलीत त्याला मोटार ठेवण्याच्या खोलींत नेलें, तेव्हां वहिनींनीं त्याला हळदकुंकू वाहिलें आणि हमालांच्या हातावर साखर ठेविली. वाद मिटल्याची ती खूण होती.

हा पाहुणा म्हणजे माझ्या पुतण्यानें विकत घेतलेला साडेचार फुटी लेथ. हरिहर येथें १९४१ सालीं निघालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्यांत तो घडला. तो कारखाना बंद पडून आतां बरींच वर्षें झालीं, परंतु त्याचे लेथ लहानसहान कारखान्यांतून अजून मुकाट्यानें काम करीत आहेत. असाच एक छोटा कारखाना मालकाच्या वार्धक्यामुळें बंद झाला आणि त्यांतला हा लेथ पुतण्याच्या पदरीं पडला. पुतण्या दिवसभर संगणकापुढें बसणारा. हाताला लोखंडाचा वास लागावा ही त्याची जुनी हौस. विहिरीवरील पंपाच्या पितळी बुशा घरींच कांतावयाच्या, असा त्याचा पहिला संकल्प होता.

संकल्प सोडतांना एक गोष्ट मात्र राहून गेली. लेथाच्या मोटारीवरील पितळी पट्टी घासून पुसून वाचली, तों तीवर मजकूर निघाला तो असा : २ अश्वशक्ति, ४१५ व्होल्ट, ३.४ अँपिअर, ५० आवर्तनें, मिनिटास १४२० फेरे, आणि तीन फेज. आमच्या घरीं येतात त्या दोनच तारा, एक फेज व एक न्यूट्रल. आणि त्यांतील दाब २३० व्होल्ट. पुतण्या माझ्याकडे आला व म्हणाला, "काका, एक तार कमी पडते."

माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें आणि पुढें पाठशाळेंतील संस्कृताचें. तरी शाळेंत पंचवीस वर्षें गणित व शास्त्र शिकविल्यामुळें 'तीन तारा कशाला?' या प्रश्नाचें उत्तर घरांतील बायकामुलांस द्यावें, एवढी हिंमत माझ्या अंगीं होती. तें मीं असें दिलें. ताक घुसळण्याची रवी पाहा. दोरी एकदां या बाजूनें ओढली जाते, एकदां त्या बाजूनें. रवी इकडून तिकडे हेलकावते, पण एकाच दिशेनें सतत फिरत नाहीं. घरची दोन तारांची वीज या रवीच्या दोरीसारखी आहे. उलट, एका मोठ्या जात्याभोंवतीं तीन बायका सारख्या अंतरावर बसल्या असून खुंटा एकीच्या हातून दुसरीच्या, दुसरीच्या हातून तिसरीच्या हातीं जात आहे अशी कल्पना करा. जातें एकाच दिशेनें, न अडखळतां फिरत राहील. तीन फेजची वीज हें काम करिते. तिचें चुंबकत्वच मोटारीच्या पोटांत गरगर फिरत असतें आणि मधला लोखंडी दंडगोल त्याच्या मागें ओढला जातो. त्या दंडगोलाला बाहेरून वीज पुरवावी लागत नाहीं, ठिणगी उडत नाहीं, झिजावयाचे ते केवळ बेअरिंग. जर्मनींत डोलिव्हो-डोब्रोवोल्स्की या अभियंत्यानें १८८९ सालीं अशी मोटार बनविली. १८९१ सालीं लाउफेनच्या धबधब्याची वीज तीन तारांवरून १७५ किलोमीटरांवरील फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनांत नेऊन दाखविली, आणि तेव्हांपासून कारखान्यांत हीच रीत रूढ झाली.

आतां २३० चे ४१५ कसे होतात? येथें मात्र मला माझें संस्कृत उपयोगीं पडलें, याचा आनंद मी लपवीत नाहीं. एक वर्तुळ काढा. मध्यबिंदु म्हणजे न्यूट्रल. परिघावर सारख्या अंतरावर तीन बिंदु घ्या. ते तीन फेज. मध्यापासून बिंदूपर्यंतचें अंतर, म्हणजे त्रिज्या, २३० माना. मग एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंतचें अंतर म्हणजे वर्तुळांतील समभुज त्रिकोणाची बाजू झाली. ती काढण्याची रीत भास्कराचार्यांनीं लीलावतींत दिली आहे : व्यासाला १०३९२३ नें गुणावें व १२०००० नें भागावें. त्यांच्या उदाहरणांत व्यास २००० आहे आणि बाजू १७३२ हून किंचित् अधिक येते. आमचा व्यास ४६०. गुणून भागून पाहिलें तों ३९८ व्होल्ट आले! हल्लीं जें ४०० व २३० म्हणतात, तेंच पूर्वी ४१५ व २४० म्हणत, म्हणून पट्टीवर ४१५. विजेचा दिवा कोणी स्वप्नांतहि पाहिला नव्हता अशा काळचें गणित मोटारीच्या पट्टीशीं जुळतांना पाहून मी पाटीवरील तो हिशेब दोन दिवस पुसूं दिला नाहीं. वहिनींनीं त्या पाटीवर वाण्याची यादी लिहिली तेव्हां तो गेला.

असो. गणित जुळलें तरी तिसरी तार कांहीं गणितांतून निघत नाहीं. मार्ग चार होते. पहिला, वीज कंपनीकडे अर्ज करून तीन फेजची जोडणी घेणें. गल्लींतील खांबावर त्या तारा आहेतच. जेथें मोठें यंत्र रोज चालावयाचें आहे तेथें हाच मार्ग सरळ. परंतु दर महिन्याचा स्थिर आकार वाढतो, आणि आमचें यंत्र चालणार रविवारचे दोन तास. दुसरा, मोटारीच्या तिसऱ्या टोकाला कंडेन्सर जोडून तिची फसवणूक करणें. मोटार फिरते, पण कण्हत फिरते, तापते, आणि तिच्या अंगचें बळ एक-तृतीयांश किंवा त्याहूनहि अधिक घटतें. तिसरा, एक रिकामी तीन फेजची मोटार नुसती फिरत ठेवून तिच्याकडून तिसरा फेज उत्पन्न करून घेणें. ही युक्ति चांगली आहे, परंतु एकाला चालविण्यासाठीं दुसऱ्याला विनाकारण राबविणें आमच्या वहिनींस पसंत पडलें नाहीं. चौथा मार्ग म्हणजे ज्याला बाजारांत 'ड्राइव्ह' म्हणतात ती पेटी. ती घरची दोन तारांची वीज घेते, तिला प्रथम एकदिश करून आपल्या पोटांतील कंडेन्सरांत सांठविते, आणि तींतून हवे तसे तीन फेज कापून बाहेर देते. वेगहि कमीजास्त करतां येतो. पुतण्यानें ती आणिली.

परंतु पेटी २३० घेऊन २३०च देते. ती कांहीं दाब वाढवीत नाहीं. आणि मोटारीस हवे ४१५. येथें बहुतेक हौशी लोक फसतात. मोटारीच्या आंत तीन वेटोळीं असतात. त्यांचीं एका बाजूचीं टोकें एकत्र बांधलीं कीं ती तारकेची जोडणी, म्हणजे स्टार. तींत दोन वेटोळीं मिळून ४१५ चा भार वाहतात आणि प्रत्येकाच्या वांट्यास २४० येतात. तींच वेटोळीं टोकास टोक लावून त्रिकोणांत जोडलीं, म्हणजे डेल्टा केलीं, तर प्रत्येक वेटोळें सरळ २४० वर चालतें. वेटोळ्यास दोन्हीकडे सारखाच दाब मिळतो, म्हणून मोटारीस कांहीं फरक पडत नाहीं; फक्त बाहेरच्या तारेंतील प्रवाह ३.४ चा सुमारें ५.९ अँपिअर होतो. वर्तुळांतला तोच त्रिकोण पुन्हां भेटला. ज्या मोटारींतून सहा टोकें बाहेर येतात, तेथें पितळेच्या तीन पट्ट्या आडव्या होत्या त्या उभ्या लावल्या कीं काम संपलें. मात्र मोठ्या मोटारी, पांच अश्वशक्तीच्या वगैरे, पुष्कळदां ४१५ वर डेल्टांतच चालावयाच्या असतात. त्यांना ही युक्ति लागू नाहीं. म्हणून विकत घेण्यापूर्वीं पट्टी वाचावी. आम्हीं ती घेतल्यानंतर वाचली.

आमच्या मोटारींतून तीनच टोकें बाहेर आलीं होतीं. तारकेची गांठ आंत, वेटोळ्यांच्या कडेला, वार्निशाखालीं पुरलेली. पुतण्याचा चेहरा उतरला. मोटारी भरून देणाऱ्या एका दुकानांत ती नेली. तेथील कारागिरानें चष्मा कपाळावर सारून मोटारीच्या तोंडाशीं दिवा धरिला, बोटानें दोरा चांचपीत गांठ शोधिली, ऊब देऊन वार्निश मऊ केलें, आणि जुने दंतवैद्य दांत काढीत तशा शांतपणें ती गांठ सोडवून तीन नव्या तारा डांक देऊन बाहेर आणिल्या. मग कोणतें टोक कोणत्या वेटोळ्याचें तें दिव्यानें तपासून प्रत्येकास खुणेची चिठ्ठी बांधिली, आणि तारेचें आवरण शाबूत आहे कीं नाहीं तें मेगरवर मोजून दाखविलें. अर्ध्या तासाचें काम. त्यानें मागितलेल्या पैशांत आमच्या घरचे दोन नारळ आले नसते.

घरीं आल्यावर पुतण्यानें मुख्य स्विचापासून लेथापर्यंत निराळी तांब्याची तार ओढली, ड्राइव्ह भिंतीवर बसविला. लेथावरचा जुना स्टार्टर आणि उलटसुलट फिरविण्याचा स्विच मोटारीच्या वाटेवर ठेवावयाचा नाहीं, ही गोष्ट पुस्तिकेंत ठळक छापलेली असते. ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्यें चालू असतां तार तोडली तर ड्राइव्ह फुटण्याचा संभव असतो. म्हणून जुनीं हिरवें-तांबडें बटणें ठेविलीं, पण तीं आतां फक्त ड्राइव्हला हुकूम देतात. वीज जाऊन परत आली तर यंत्र आपण होऊन सुरू होऊं नये, हेंहि त्यानें ड्राइव्हमध्यें लावून ठेविलें. हें विसरूं नये. दिवा गेला म्हणून माणूस चकांत हात घालतो, आणि दिवा येतो.

पहिल्यानें चक उतरवूनच मोटार फिरविली. तें शहाणपणाचें ठरलें, कारण ती उलटी फिरली. ज्या लेथावर चक आट्यांनीं बसविलेला असतो, तेथें उलट फिरतां फिरतां तो सैल होऊन अंगावर येऊं शकतो. तीन तारांपैकीं कोणत्याहि दोन अदलाबदल केल्या कीं दिशा पालटते. पुतण्यानें ड्राइव्ह बंद करून लागलीच झांकण उघडलें, तेव्हां मात्र मीं त्याचा हात धरिला. पेटींतील कंडेन्सरांत वीज गेल्यावरहि सव्वातीनशें व्होल्टांच्या आसपास सांठा कांहीं मिनिटें राहतो. आम्हीं घड्याळ लावून दहा मिनिटें चुपचाप बसलों. मग लेथ सुलट फिरला, इतका मुलायम कीं वरचें पांच पैशांचें नाणें हललें नाहीं. सारें घर पाहावयास आलें.

येथें माझी हकीकत आनंदानें संपावयास हवी होती.

वहिनी चहा घेऊन आल्या. मोरींतून पाय धुवून, अनवाणी, ओल्या फरशीवरून. चहाचें ताट त्यांनीं लेथाच्या कडेला टेकविलें आणि हात झटकला. म्हणाल्या, "अगबाई, मुंग्या आल्या याला." आम्हां दोघांस कांहीं लागत नव्हतें. मीं स्वतः लेथावर हात ठेवून दाखविला. पुतण्यानें ठेविला. "तुमच्या हाताला गरम ताटाचें चटकलें असेल," असें मी म्हणालों. त्या कांहीं बोलल्या नाहींत. ताट उचलून दुसऱ्या स्टुलावर ठेविलें आणि गेल्या. त्या दारापर्यंत पोंचल्या तेव्हां माझें लक्ष आमच्या पायांकडे गेलें. आम्ही दोघेहि रबरी चपला घालून उभे होतों.

टेस्टर लावला, तो पेटला. लेथाच्या अंगावर वीज होती.

ताबडतोब स्विच बंद केला. खोलींतील प्लगाच्या तिसऱ्या छिद्रांत जमिनीची तार असावयाची, तिच्यांत जीव नसावा, असा तर्क केला. त्यावर माझ्या पुस्तकी विद्येनें उपाय सुचविला, आणि तो मीं मोठ्या विश्वासानें मांडिला : न्यूट्रल शेवटीं जमिनीलाच जोडलेला असतो, मग लेथाचें अंग न्यूट्रललाच जोडून टाकावें, खड्डा खणण्याची यातायात कशाला? पुतण्याला तें पटलें. पकड हातांत घेऊन तो उठला देखील. सूनबाई म्हणाली, "वायरमनला विचारून मग करा." ती तसें म्हणाली नसती तर आम्हीं तें संध्याकाळच्या आंत केलें असतें.

दुसऱ्या दिवशीं सरकारी परवान्याचे एक वृद्ध वायरमन आले. (ते माझे जुने विद्यार्थी नव्हेत, असते तर गोष्टीस शोभा आली असती.) त्यांनीं आपल्या पिशवींतून एका लहान दिव्याला दोन तारा लावलेलें साधन काढलें. एक तार फेजांत, दुसरी न्यूट्रलांत : दिवा लागला. दुसरी तार काढून जमिनीच्या छिद्रांत घातली : दिवा विझलेलाच. "अर्थिंग न्हाई," ते म्हणाले, आणि खोलीच्या बाहेर जाऊन भिंतीच्या पायथ्याशीं माती उकरूं लागले. तेथें गंजून तुटलेल्या तारेचा तुकडा सांपडला. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचा पूर आमच्या गांवभागांत शिरला तेव्हां या खोलींत छातीइतकें पाणी होतें. पुढें घरांतल्या तारा बदलल्या, पण जमिनींत गेलेली तार कोणी पाहिली नाहीं. इतकीं वर्षें तिची उणीव भासली नाहीं, कारण या खोलींत एका दिव्याखेरीज कांहीं चालत नव्हतें. ड्राइव्हच्या चाळणींतून थोडी वीज नेहमींच त्याच्या अंगावर झिरपते, ती जमिनींत निघून जावी अशी योजना असते. वाट नसल्यानें ती लेथाच्या अंगावर थांबली होती. वायरमनच्या मीटरवर ती शंभरांच्या वर भरली. ती झिरपण थोडी, म्हणून वहिनींस मुंग्याच आल्या. मोटारीच्या वेटोळ्याचें आवरण एके दिवशीं फाटलें असतें तर पुरते २३० तेथें उभे राहिले असते.

मीं माझा न्यूट्रलचा उपाय त्यांच्यापुढें ठेविला. ते हंसले नाहींत. म्हणाले, "गुरुजी, न्यूट्रल जमिनीला भेटतो तो तिकडं डीपीवर. डीपीपासनं तुमच्या मशिनीपत्तोर मधी सांधे किती हायेत? त्यातला एक सुटला, तर घरातला फ्रीज, पंखा, दिवा, समद्यांतनं आलेला करंट माघारी जायला वाट मागणार. ती वाट तुम्ही मशिनीच्या अंगावर काढून दिलेली. मशिनीला हात लावणारा माणूसच मग न्यूट्रल."

हें वाक्य मीं माझ्या वहींत लिहून ठेविलें आहे. एखाद्या तारेंतून रोज प्रवाह जातो आणि एखादी केवळ संकटासाठीं राखून ठेविलेली असते, या दोहोंतील भेद मला पंचवीस वर्षें शिकवून कळला नव्हता. दोन्ही एकाच मातीस मिळतात, एवढेंच मीं पाहिलें होतें.

मग खड्डा खणला. अडीच मीटर लांबीची जस्ताचा मुलामा दिलेली नळी, भोंवतीं कोळसा व मीठ यांचे थर, वर जाळीचें झांकण आणि पाणी घालण्यास नरसाळें. तेथून जाड तार थेट लेथाच्या बैठकीला, दुसरी मोटारीला, तिसरी ड्राइव्हला. मुख्य फळीवर गळती होतांच वीज तोडणारा स्विच बसविला, ३० मिलिअँपिअरचा. तो साधा एसी जातीचा चालत नाहीं, आमच्या ड्राइव्हच्या पुस्तिकेंत ए जातीचा सांगितला होता. आणि जातां जातां वायरमननीं भिंतीवरची पुराची रेघ पाहून ड्राइव्हची पेटी तेथून काढावयास लावली व ती रेघेच्या हातभर वर ठोकली. लेथ उचलतां यावयाचा नाहीं. तो पाण्यांत बुडेल तर पुसून तेल देतां येईल. पेटी बुडाली तर गेली.

दिव्याची परीक्षा पुन्हां झाली. फेज आणि जमीन यांच्यामध्यें दिवा लागला मात्र, गळतीचा स्विच खटकन् पडला, म्हणजे तोहि जागा होता. वहिनी दारांत उभ्या होत्या. मीं त्यांस सांगितलें, "वहिनी, त्या दिवशीं तुमचें खरें होतें." त्या म्हणाल्या, "मला माहीत होतें," आणि वायरमनांस चहा विचारला.

पहिली पितळी बुश चैत्रांत निघाली. ती पंपांत बसली नाहीं, कारण माप अर्ध्या मिलिमीटरानें चुकलें होतें, दुसरी बसली. उन्हाळ्यांत जमीन कोरडी पडली कीं नळीचा जमिनीशीं संबंध क्षीण होतो, म्हणून नरसाळ्यांत पाणी घालण्याचें काम धाकट्या नातीकडे आहे. ती सकाळीं तुळशीला घालून उरलेला तांब्या तेथें ओतते आणि परत जातांना चपला घालावयास विसरते.